धर, सोडू नको

यावलच्या एसटी स्टँडसमोर प्रशीलचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे राहतं घर आणि दोहोंच्या मध्ये एक पडदा. तो पडदा मूळचा कोणत्या रंगाचा होता हे आता घरातल्यांनाही सांगता येणार नाही, इतकं ऑइल त्याने पचवलं आहे. पडद्याच्या एका बाजूला जुन्या मोटरसायकली आणि दुसऱ्या बाजूला प्रशीलची बायको संघमित्रा. दिवसात केव्हाही शेडमधून हाक यायची, "संघमित्रा, ये बरं. लिव्हर धर." मग ती हातातलं काम टाकून यायची. कणीक मळत असली तर हात पदराला पुसत यायची, नुकतीच न्हाली असली तर डोक्याला पंचा गुंडाळून यायची. एकदा अंगात ताप असताना आली होती. हाक आली आणि ती आली नाही, असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं.

हे लिव्हर धरणं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, कारण या बाईचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. प्रशील वाटेल ती गाडी हातात घेत नाही. नवीकोरी गाडी दारात उभी राहिली की तो तोंड वाकडं करतो आणि पुढच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता देतो. त्याचा जीव जुन्या गाड्यांत. किकवर सुरू होणाऱ्या, निळा धूर सोडणाऱ्या, ज्यांच्यावर बसून कोणाचे तरी वडील ऐन तारुण्यात ऐटीत फिरले होते अशा गाड्या. रावेर, फैजपूर, पार बऱ्हाणपूरहून लोक त्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणतात. या गाड्यांच्या पुढच्या ब्रेकला तेलही नसतं आणि डिस्कही नसते. हँडलवरचं लिव्हर दाबलं की केबल ओढली जाते, चाकाच्या ड्रममधले दोन लायनर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, एवढाच मामला. पण चाक परत बसवताना ते लायनर ड्रमच्या बरोबर मधोमध बसले नाहीत, तर एक टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. मग लिव्हर उशीत बोट खुपसल्यासारखं आत जातं. ब्रेक लागतो, पण लागायचा तेव्हा लागत नाही. त्यावरचा इलाज असा की एक्सलचा नट ढिला ठेवायचा आणि लिव्हर पूर्ण दाबून धरायचं. तसं धरलं की दोन्ही लायनर ड्रमला चिकटून आपापली जागा घेतात. मग ते तसंच धरलेलं असताना नट आवळायचा. तेवढ्या वेळात लिव्हर सुटलं की सगळं मुसळ केरात.

"हे एकट्याचं काम नाही," लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रशीलने तिला सांगितलं होतं. "एकानं धरायचं, एकानं आवळायचं."

तिने ते मानलं. नवऱ्याच्या धंद्यातली गोष्ट, त्याला नाही कळणार तर कोणाला? शिवाय खरं सांगायचं तर तेव्हा तिला ती हाक हवीच असायची. सासरे पितांबर आबा बाहेर शेडमध्ये, सासूबाई नर्मदाबाई आत चुलीशी. नव्या सुनेने नवऱ्याशी दिवसाउजेडी दोन शब्द बोलणं नर्मदाबाईंच्या राज्यात बसत नव्हतं. पण काम म्हटलं की त्यांचा नाइलाज व्हायचा. आबा जेवायला आत गेले की हमखास हाक यायची. मग ती लिव्हर धरून उभी आणि तो खाली चाकाशी उकिडवा. नट आवळता आवळता तो खालच्या आवाजात कायकाय सांगायचा. कोणत्या गाडीचा मालक कसा चिकट आहे, मनुदेवीच्या धबधब्यावर कधी जायचं, तिच्या हिरव्या लुगड्याचं काय. ती हसू दाबायची आणि लिव्हरही दाबायची. हाताला पेट्रोलचा वास राहायचा आणि तो वास तिला आवडायचा. त्या दिवसांत कोणी तिला म्हटलं असतं की बाई, तू अडकते आहेस, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

संघमित्रा चोपड्याची. तिच्या वडिलांनी तिला हौसेने डी.एड. केलं होतं. नोकरीचं बोलणं लग्नात झालं होतं, "बघू पुढे" या शब्दांत. पुढे काय झालं ते मराठी मुलुखात कोणाला वेगळं सांगायला नको. आधी मुलगी झाली. ती शाळेत जायला लागते न लागते तोच आबांना अर्धांगवायू झाला. आबा गेले, मग नर्मदाबाईंनी अंथरूण धरलं. या प्रत्येक वेळी "हे एवढं निभावलं की बघू" असं ठरायचं. सगळं निभावलं. नर्मदाबाई शेवटी सुनेच्याच मांडीवर गेल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. घरात तिच्या वाटेत उभं राहील असं एकही माणूस उरलं नाही. उरली फक्त ती हाक.

लिव्हर धरून उभं राहिलं की तोंड बरोबर स्टँडकडे होतं. तिथे एसट्या लागायच्या आणि त्यांच्या कपाळावरच्या पाट्या ती वाचायची. चोपडा, शिरपूर, जळगाव, धुळे. बायका चढायच्या. शाळेच्या मास्तरणी, नर्सबाया, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, मांडीवर पोर घेतलेल्या लेकुरवाळ्या. गाडी हलायची, धूळ उडायची आणि जागा रिकामी व्हायची. संघमित्राच्या बोटांत कळ यायची, पण खालून आवाज असायचाच, "धर, सोडू नको." इतक्या वर्षांत तिची उजव्या हाताची करंगळी थंडीत सरळ होईनाशी झाली होती.

आणि गंमत अशी की तिच्यावर कोणी जुलूम करत नव्हतं. प्रशील दारू पीत नाही, हात उचलत नाही, आवाजही चढवत नाही. भांडणारा नवरा असता तर एक बरं झालं असतं, निदान कोणाशी झुंजायचं ते तरी कळलं असतं. इथे दार उघडं, समोर स्टँड आणि हातात लिव्हर. कधीकधी तिला धाय मोकलून रडावंसं वाटायचं आणि रडायला कारण सापडायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा तुझ्यावाचून पाऊल टाकत नाही. ती हो म्हणायची.

अशात सुलक्षणाचा फोन आला. सुलक्षणा ही तिची डी.एड.ची मैत्रीण, धुळ्याला एका संस्थेच्या शाळेत शिकवते. त्याच संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात राहून मुलींकडे बघणारी बाई हवी होती. राहायला खोली, सुट्टीत घरी. सुलक्षणाने हिचं नाव सुचवलं होतं आणि संस्थेच्या बाई भेटायला तयार होत्या. "आता वय आडवं नाही, पोरगी नाही, सासू नाही," सुलक्षणा म्हणाली. "येत्या सोमवारी दुपारपर्यंत येऊन भेट. नाही आलीस तर त्या दुसरीला घेतील, मग मला बोलू नकोस."

संघमित्राने ते जेवताना प्रशीलला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला नाही की कपाळाला आठी घातली नाही.

"जाय ना," तो म्हणाला. "मी कुठी नाही म्हणतो?" मग पाणी प्यायला आणि हसला. "फक्त लिव्हर कोण धरंल ते सांगून जाय."

तीही हसली. भांडी घासायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे याचं उत्तर नाही. खरंच, कोण धरेल? हा माणूस गॅरेजमध्ये कोणाला कामाला ठेवत नाही, कोणाचं काम त्याला पसंत पडत नाही. आपण गेलो तर धंदा बसेल. हातातली पातेली तिने इतकी घासली की तळ चकचकीत झाला.

सोमवारी एसटीने एकटीच जाते असं ती म्हणाली, तर प्रशीलकडे त्याचंही उत्तर तयार होतं. सावद्याचे केळीचे व्यापारी शालिग्राम नाना म्हातारपणी धुळ्याला मुलाकडे राहायला गेले होते. त्यांची दोन सायलेन्सरवाली जुनी गाडी प्रशीलकडे दुरुस्तीला होती आणि ती धुळ्याला पोचवायची होती. "मी जाऊन राह्यलो ना सोमवारी, मंग एसटी कायले? मागं बस, तुले दारात सोडतो." यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? त्याच्या कोणत्याच बोलण्यात नाही म्हणण्यासारखं काही नसायचं.

रविवारी संध्याकाळी गाडीचं पुढचं चाक बसवायचं राहिलं होतं. नेहमीची हाक आली. तिने लिव्हर धरलं, तो नट आवळायला खाली बसला. नेमका तेव्हाच तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. सुलक्षणाच असणार. डाव्या हाताने फोन चाचपताना उजव्या हाताची पकड सैल झाली, अगदी क्षणभर. लगेच तिने पुन्हा लिव्हर घट्ट दाबलं, पण तोवर नट फिरला होता.

"नीट धरलं होतं ना?" प्रशीलने विचारलं.

"हाव," ती म्हणाली. खरं सांगितलं तर तो चाक पुन्हा खोलेल, मग दिवे लागतील, मग "उद्या राहू दे, परवा जाऊ" येईल, हे तिला दिसत होतं. म्हणून ती खोटं बोलली.

सकाळी निघताना प्रशीलने ब्रेक दाबून बघितला. लिव्हर मऊ. आत जायचं, जायचं आणि मुठीला टेकायच्या बेतात कुठे पकडायचं. तिच्या हातावर त्याचा इतका विश्वास की चाकाकडे त्याने बघितलंही नाही. दोष केबलमध्येच असणार म्हणून त्याने केबल बदलली, तरी मऊ. केबलचा ताण वाढवला, तरी मऊ. ऊन वर आलं. ती नेसून, पिशवीत प्रमाणपत्रं घालून, पायरीवर बसून होती. समोरून धुळ्याची एसटी आली, भरली आणि गेली. उठून तिच्यात बसू नये म्हणून तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. पण ती बसून राहिली आणि स्वतःचाच तिला राग आला.

"आजच्या दिवस राहू दे का?" शेवटी तो म्हणालाच. "फ्रंट ब्रेक पोचा हाये. असं जाणं बरं नाही."

"मागचा ब्रेक चांगला आहे ना? हळू चालवा," ती म्हणाली. "चला आता. मी तुमच्या पाया पडते, पण चला."

असं ती कधी बोलली नव्हती. त्याने हात पुसले आणि किक मारली.

चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीचे मळे, मग कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. शिरपूरवरून ते मुंबई-आग्रा रस्त्याला लागले, तसे कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जायला लागले. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तिची नजर सारखी त्याच्या मुठीवर जात होती. प्रत्येक वेळी तो लिव्हर दाबायचा तेव्हा ते किती आत जातं हे तिला मागून दिसत होतं, आणि ते कोणामुळे हे तिला ठाऊक होतं.

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींतून मेंढ्या उतरल्या. एक उतरली की सगळ्या उतरणारच. प्रशीलने पुढचा ब्रेक दाबला, लिव्हर मुठीला जाऊन टेकलं आणि गाडी तशीच चालली. त्याने मागचा ब्रेक पायाने दाबून धरला. मागचं चाक फरफटलं, गाडी रस्ता सोडून मुरमात घुसली आणि बाभळीच्या काटेरी फांदीपाशी आडवी झाली. दोघं पडली. तिच्या कोपराची सालटी निघाली, त्याचा गुडघा फुटला. मेंढपाळाने दोघांना उठवलं, शिव्याही घातल्या आणि मेंढ्या घेऊन तो गेला.

मुरमात बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं. "काल फोन वाजला तेव्हा माझा हात ढिला झाला होता. मी तुम्हाले खोटं सांगितलं."

गुडघ्यावरची माती झटकत प्रशील म्हणाला, "पाह्यलं? एक पळभर तुझा हात सुटला तर हे असं झालं. अन् तू धुळ्याले जाऊन राह्यची गोष्ट करते."

तो ओरडला असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं. तो शांतपणे म्हणाला आणि म्हणूनच ते तिच्या काळजात गेलं. तिला वाटलं, खरं आहे. आपण सुटलो की माणसं पडतात. भेटायला जाण्यात आता काही अर्थ नाही, गाडी नीट झाली की इथूनच मागे फिरू. असं तिने मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

गाडी ढकलत दोघं सोनगीरच्या फाट्यावर आली. तिथे भिकन नावाच्या मेकॅनिकचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टपरी, समोर लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक बाक. भिकन पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस होता. गाडी बघताच त्याचे डोळे चमकले.

"काय व्हयनं भाऊ?"

"फ्रंट ब्रेक पोचा लागते," प्रशील म्हणाला. "चाक मधी बसलं नाही. एक्सल ढिला करून परत आवळतो, मोठा पाना द्या फक्त. मी पण मेकॅनिकच आहे."

"पाना शे ना. पन माले बी हात लावू द्या भाऊ, आशी गाडी आते कव्हय दिखस?" असं म्हणत भिकन चाकाशी बसलासुद्धा आणि त्याने नट ढिला केला.

"संघमित्रा," प्रशील म्हणाला, "धर."

ती कोपर फडक्याने पुसत होती. ते फडकं पिशवीत कोंबून ती उठली आणि हँडलकडे निघाली. भिकनने वर बघितलं.

"अक्काले कसाले तरास? त्यास्ले लागेल शे. बसू द्या सावलीमा."

"अहो, पण मग लिव्हर कोण धरेल?" संघमित्राने विचारलं.

"हाई धरी ना!" भिकन हसला. त्याने टपरीच्या खिळ्यावर लटकलेली एक पट्टी काढली. सायकलच्या फाटक्या ट्यूबची, बोटभर रुंद, काळी रबरी पट्टी. लिव्हर त्याने मुठीपर्यंत दाबलं, पट्टीचे दोन-तीन वेढे हँडलभोवती आवळून दिले आणि टोक आत खोचलं. लिव्हर जागच्या जागी खिळलं. मग तो निवांतपणे चाकाशी बसला आणि नट आवळायला लागला.

संघमित्रा उभीच राहिली. तिने पट्टीकडे बघितलं, लिव्हरकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"असं... होतं?" तिने विचारलं.

"नही व्हवाले काय झालं? मी दुकानमा एकलाच शे अक्का, धराले कोनले बलावू? सगळा मिस्तरी आसंच करतस. हाई पट्टी थकत नही, कटाळत बी नही. भाऊले इचारा, त्यास्ले बी माहीत व्हई."

तिने मान वळवली. प्रशील किल्ल्याकडे बघत होता. सोनगीरच्या किल्ल्यात इतकं बघण्यासारखं काय आहे कोण जाणे.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हाव," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आबांनी काम शिकवलं तव्हापासून. आबा पट्टीच बांधत." किल्ल्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तू शेडमधी यायला लागली, तशी मी ती खिळ्यावरून काढून टाकली."

भिकनला काय समजायचं ते समजलं. नट आवळून झाला होता. त्याने पट्टी सोडून हँडलला नुसती लटकत ठेवली आणि चहा सांगून येतो म्हणत तो जो गेला, तो बराच वेळ आला नाही. शहाणा माणूस.

संघमित्रा बाकावर बसली. तिच्या डोळ्यांसमोर कणकेचे हात येत होते, ओले केस येत होते, तापाचा तो दिवस येत होता. नर्मदाबाई शेवटच्या दिवसांत पाणी मागत होत्या आणि शेडमधून हाक आली म्हणून ती पेला तसाच ठेवून गेली होती, तेही आलं. आणि या सगळ्याला एका फाटक्या ट्यूबची किंमत होती. तिला संताप आला.

"काबरं?" तिने विचारलं. "मले काबरं बोलवत होते मग?"

प्रशील तिच्यासमोर उकिडवा बसला, चाकाशी बसायचा तसाच.

"आई तुले कामाबिगर पडद्याच्या इकडं येऊ देत नव्हती. तुले ठाऊक हाये. दुसरं काय म्हणून बोलवू? अन् पट्टीसंगं बोलता येत नाही."

"आई जाऊन दोन वर्षं झाली."

"सवय झाली होती."

"आणि मघाशी? मुरमात बसून मले जे म्हणाले ते? तेही सवयीनं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू गेली तर मी कोणाले हाक मारू? दुसरं काही सांगता येईना मले."

तिला ऐकायला ते गोड वाटलं, आणि गोड वाटलं म्हणून स्वतःचा आणखी राग आला. हा माणूस लबाड नव्हता, हेच वाईट होतं. लबाड असता तर तिथल्या तिथे सोडून देता आला असता. तिच्या जवळ असण्यासाठी त्याने तिला बांधून घातलं होतं, आणि बांधलंय हे दोघांपैकी कोणालाच इतकी वर्षं म्हणावं लागलं नव्हतं.

"मग तसं म्हणायचं," ती म्हणाली. "नुसतं बस म्हटलं असतं ना, माझ्याजवळ घडीभर बस, तरी मी बसली असती. रोज बसली असती. हौसेनं बसली असती. पण तुम्ही कधी बस म्हटलं नाही. इतकी वर्षं तुम्ही मले धर म्हणत राह्यले."

प्रशीलने वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

तिने उठून हँडलवरची पट्टी काढली, तिची घडी केली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग पिशवी घेतली.

"गाडी झाली ना आता," तो घाईने उठला. "चल, मागं बस. अजून येळ हाये, तुले दारात सोडतो."

"तुम्ही शालिग्राम नानांची गाडी पोचवा. मी एसटीनं जाते."

"अगं, पण एकाच रस्त्यानं तर जायचं हाये!"

"असू द्या."

फाट्यावर शिरपूरहून आलेली धुळ्याची गाडी थांबत होती. तिने हात केला आणि ती चढली. खिडकीजवळची मागची जागा मिळाली. कंडक्टर आला.

"कुठे?"

"धुळे."

"एकच?"

"एकच," ती म्हणाली. हे सांगताना तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. संस्थेच्या बाई काय विचारतील, इतक्या वर्षांत काय केलं म्हणतील तेव्हा काय सांगायचं, हे सगळं आत्ताच सुचायला लागलं. आणि मागून ओळखीचा आवाज येत होता. न बघताही तिला कळत होतं, ती दोन सायलेन्सरवाली गाडी एसटीच्या मागे चालली होती. ती पुढेही जात नव्हती आणि मागेही पडत नव्हती.

धुळं जवळ आलं आणि एका बाजूच्या रस्त्यावरून पऱ्हाट्यांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा घुसला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. माणसं पुढच्या बाकांवर आदळली, कोणाची तरी पिशवी सांडली. संघमित्राने मात्र मागे बघितलं. काही कळायच्या आत तिच्या उजव्या हाताने समोरच्या बाकाची दांडी मुठीत धरून जीव खाऊन आवळली होती.

मागच्या काचेतून तिला दिसलं. प्रशीलने लिव्हर दाबलं आणि गाडी होती तिथे थांबली. फरफटली नाही, हलली नाही. एक पाय जमिनीला टेकवून तो उभा होता आणि मान वर करून काचेकडे बघत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून काळ्या पट्टीचं टोक बाहेर आलं होतं.

ब्रेक चांगला बसला होता. त्यासाठी तिचा हात लागला नव्हता. ती तेवढं बघत राहिली, मग आवळलेल्या मुठीतलं एकेक बोट तिने दुसऱ्या हाताने सोडवलं. करंगळी सरळ व्हायला वेळ लागला. ट्रॅक्टर निघून गेला, ड्रायव्हरने गिअर टाकला आणि ती पुढे तोंड करून बसली.